सोडलेल्या श्वासाविषयी



छातीच्या विकारांच्या डॉक्टरला योगशिक्षकांच्या संमेलनाचं अध्यक्षपद देण्यात थोडी जोखीम असते. तुमच्याकडे माणूस श्वास शिकायला येतो, माझ्याकडे तो बिघडला म्हणून येतो. त्यामुळे माझ्या बोलण्याला जरा दवाखान्याचा वास येईल. तेवढा सहन करावा.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. तेव्हा मी शिकाऊ डॉक्टर होते, रात्रपाळी होती. पन्नाशीच्या एका शिक्षिकाबाईंना घेऊन त्यांचे यजमान आले. बाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, ‘‘श्वास पुरत नाही हो, छाती भरतच नाही.’’ ईसीजी स्वच्छ, छातीत घरघर नाही, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन 99. श्वास मात्र मिनिटाला तीसच्या पुढे. घाबरल्यात, एवढं निदान मी बरोबर केलं. उपचार चुकला. मी म्हणाले, ‘‘बाई, दीर्घ श्वास घ्या. अजून. छाती भरून घ्या.’’ आयुष्यभर मुलांना आज्ञापालन शिकवलेल्या बाई. त्यांनी माझी आज्ञा तंतोतंत पाळली. पाच मिनिटांत त्यांच्या ओठांभोवती मुंग्या आल्या, डोकं गरगरायला लागलं आणि दोन्ही हातांची बोटं आखडून आत वळली. यजमानांना वाटलं, अर्धांगाचा झटका आला. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही वाटलं.

तेवढ्यात वॉर्डातल्या जुन्या सिस्टर आल्या. त्यांनी मला खांद्यानं हलकेच बाजूला केलं, बाईंचा आखडलेला हात हातात घेतला आणि विचारलं, ‘‘रामरक्षा येते ना तुम्हाला? म्हणा बघू. मोठ्यानं, सावकाश.’’ बाईंनी अडखळत सुरुवात केली. सात-आठ श्लोक होईतो बोटं सैल पडली होती. पुढचं त्यांनी मिटल्या डोळ्यांनी, अगदी वर्गात म्हणावं तसं म्हटलं.

यात चमत्कार नव्हता. भराभर आणि खोल श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो. तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून डोकं गरगरतं. रक्ताची आम्लता बदलते, त्यातलं मोकळं कॅल्शियम घटतं, म्हणून बोटं आखडतात. बाईंना हवा कमी पडत नव्हती, जास्त होत होती. आणि रामरक्षा श्वास आत घेताना म्हणता येत नाही. ती सोडलेल्या श्वासावरच म्हणावी लागते. सिस्टरनी शरीरशास्त्राचं पुस्तक न उघडता बाईंचा उच्छ्वास लांबवला होता. मी पुस्तक पाठ करून उलटं केलं होतं.

तेव्हापासून मला आपल्या भाषेतल्या ‘दम’ या शब्दाचं फार कौतुक वाटतं. धावलं की दम लागतो, बसलं की आपण दम खातो, घाई करणाऱ्याला दम धर म्हणतो, काम दमानं घे म्हणतो, आणि मुलानं ऐकलं नाही की त्यालाच दम देतो. श्वास, विसावा, धीर आणि धमकी, सगळं दोन अक्षरांत. ‘दम धर’ हा सल्ला ज्या भाषेत आजी नातवाला उठता-बसता देते, तिथे श्वास आणि शांती यांचं नातं सांगायला परदेशी अॅपची गरज नसावी. पण सांगायची वेळ आली की आपण भलतंच काहीतरी सांगतो.

ते भलतंच म्हणजे ऑक्सिजन. प्राणायामानं भरपूर ऑक्सिजन मिळतो, पेशी न् पेशी ताजीतवानी होते, हे वाक्य मी किमान शंभर शिबिरांच्या पत्रकांवर वाचलं आहे. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्तातलं हिमोग्लोबिन साधा श्वास घेतानाच 95 ते 99 टक्के भरलेलं असतं. काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी किती ओतणार? आणि हा काही आजच्या डॉक्टरांनी योगावर घेतलेला आक्षेप नव्हे. अमळनेरला शिक्षक राहिलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे आपले स्वामी कुवलयानंद, यांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केलं. योगक्रिया करणाऱ्याच्या पोटातला दाब मोजायचा, क्ष-किरणांखाली आतलं दृश्य बघायचं, श्वासातल्या वायूंचं मोजमाप करायचं, असा हा माणूस. प्राणायामाचं मोल जास्तीच्या ऑक्सिजनात नाही, मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात आहे, हे त्यांनी जवळजवळ शतकापूर्वी बजावलं. त्यांची तसबीर आपण इथे मागे लावली आहे. त्यांचं म्हणणं मात्र पत्रकावर घेत नाही.

मग श्वासाच्या व्यायामानं होतं तरी काय? मनगटावर नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या, सोडा. इथे बसल्या बसल्या करा, भाषण ऐकू आलं नाही तरी चालेल. श्वास आत जाताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. सोडताना व्हेगस हा मज्जातंतू हृदयाला लगाम घालतो. उच्छ्वास लांबवला की लगाम जास्त वेळ हातात राहतो. हृदय, पचन, घाम यांच्यावर आपली थेट हुकमत चालत नाही. त्या सगळ्या कारभारात श्वास ही एकच खिडकी अशी आहे की जी आपोआपही उघडते आणि आपल्या हातानंही.

मिनिटाला साधारण सहा श्वास, या गतीला विशेष महत्त्व आहे. आपण एरवी बारा ते वीस घेतो. रक्तदाब सांभाळणारी शरीराची जी यंत्रणा आहे तिची स्वतःची लय सुमारे दहा सेकंदांची असते. श्वासही दहा सेकंदांचा झाला की दोघांचा ताल जुळतो. इटलीतले डॉ. लुचियानो बेर्नार्डी आणि सहकारी यांनी 2001 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 23 निरोगी माणसांचा अभ्यास छापला. त्यांनी लोकांना एक मंत्र म्हणायला लावला आणि लॅटिनमधली रोझरी, म्हणजे ख्रिस्ती जपमाळ, हीही म्हणायला लावली. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाबाची यंत्रणा जास्त सजग झाली. मंत्राचा हा दाखला आपण हौसेनं देतो, रोझरीचा अर्धा भाग गाळून. वसईच्या ख्रिस्ती घरातली संध्याकाळची प्रार्थना, गोव्यातली तेर्स, म्हणजे रोझरीच, वारकऱ्यांचा हरिपाठ आणि त्या बाईंची रामरक्षा, फुप्फुसाला यातला भेद कळत नाही. मला ही गोष्ट फार आवडते.

आता झोप. माझ्याकडे येणारे निम्मे लोक तक्रार खोकल्याची सांगतात आणि उठता उठता दाराशी म्हणतात, ‘‘आणि डॉक्टर, झोप लागत नाही.’’ त्यांना मी सांगते ते इतकंच. आडवं व्हा, एक हात पोटावर ठेवा. नाकानं चार अंक मोजेपर्यंत घ्या, सहा अंक मोजेपर्यंत सोडा. जोर लावू नका, रोखू नका. दहा मिनिटं. पाच अंकांनीच दम संपत असेल तर तीन आणि पाच करा. आकड्यात काही पुण्य नाही. मिटल्या ओठांनी भ्रामरीचा गुंजारव केला तरी तेच साधतं, कारण गुणगुणणं म्हणजेही लांबलेला उच्छ्वास. शेजारी झोपलेल्याची परवानगी मात्र घ्यावी.

कपालभाती रात्री नको, हे तुम्हाला सांगायला नको. पण ती प्राणायाम म्हणून शिकवली जाते तेव्हा मला अडखळायला होतं. हठप्रदीपिकेत ती नेती-धौतीच्या रांगेत, षट्कर्मांत बसते. ती शुद्धिक्रिया आहे. गरोदर बाई, हर्निया असलेला माणूस, आटोक्यात नसलेला रक्तदाब, काचबिंदू किंवा फेफरं असलेले, नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेले, यांना हजारोंच्या मैदानी शिबिरात ध्वनिक्षेपकावरून ती करायला लावणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. मैदानात कोण गरोदर आहे हे व्यासपीठावरून दिसत नाही. आणि जो झोपेत प्रचंड घोरतो, मध्येच श्वास थांबून दचकतो, दिवसा गाडी चालवताना पेंगतो, त्याला अनुलोम-विलोम नव्हे, झोपेची तपासणी हवी. काही माणसं तर श्वासाकडे लक्ष दिलं की आणखी घाबरतात. त्यांना डोळे मिटायला लावू नका. चालवा, गायला लावा, गप्पा मारायला लावा.

परिणामाबद्दलही हात राखून बोलूया. श्वासाच्या व्यायामांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहणारा एक आढावा 2023 साली प्रसिद्ध झाला. ताण कमी होतो, पण परिणाम लहान ते मध्यम, आणि गाजावाजा पुराव्याच्या पुढे जाऊ नये अशी तंबी संशोधकांनीच दिली. मला यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही. फुकट, कुठेही करता येणाऱ्या उपायानं ताण थोडा कमी झाला तर ते पुष्कळ आहे. मधुमेह, कर्करोग आणि वंध्यत्व त्याच्या गळ्यात बांधायची गरज नाही. मार्च 2020 मध्ये दहा सेकंद श्वास रोखता आला म्हणजे कोरोना नाही, असा चुकीचा निरोप घरोघरी फिरला होता. तो पुढे पाठवणाऱ्यांत श्वास शिकवणारेही होते, डॉक्टरही होते.

म्हणून एकच मागणं आहे. पुढच्या संमेलनाला येताना प्रत्येकानं पाच नोंदी आणाव्यात, ज्यांना तुमच्या शिकवण्याचा उपयोग झाला नाही अशांच्या. नाव नको, वय, तक्रार, काय शिकवलं, किती दिवस केलं आणि काय झालं नाही, एवढंच. यशाच्या कथा आपल्या स्मरणिकेत भरपूर आहेत. अपयशाच्या या वहीला पहिली नोंद मीच दिली आहे. कोविड वॉर्डातल्या ड्युटीनंतर माझी झोप उडाली. सहा महिने रोज रात्री चार-सहा मोजले. तळमळ कमी झाली, झोप आली नाही. ती आली उठण्याची वेळ ठरवून पाळल्यावर, दुपारची डुलकी सोडल्यावर आणि उशापासचं घड्याळ उचलून स्वयंपाकघरात ठेवल्यावर. नोंदीचा कागद चिटणीसांकडे आहे. उरलेल्या आपण आणाव्यात.