नावेनं मोजलेली नदी

आज आम्ही तुम्हाला खूप दूर, कॅनडाच्या उत्तरेला नेणार आहोत. तिथल्या अल्बर्टा प्रांतात अथाबास्का सरोवराच्या काठी फोर्ट चिपेवायन नावाची वस्ती आहे. तिथे वर्षभर चालणारा रस्ता नाही. उन्हाळ्यात नावेनं किंवा विमानानं जायचं आणि कडक थंडीत बर्फावर तयार केलेल्या वाटेनं. मिकिस्यू क्री, डेने आणि मेती लोक इथे राहतात. मासे, बदकं, मूस नावाचं मोठं हरीण आणि मस्करॅट हा पाण्यातला केसाळ प्राणी, यांवर त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं.

पीस आणि अथाबास्का या दोन नद्या इथे सरोवराच्या परिसरात येतात. त्यांच्या मुखाशी ओढे, तळी आणि गवताळ पाणथळ यांचं मोठं जाळं आहे. यातला बराचसा भाग वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात येतो. 1983 पासून हे उद्यान जागतिक वारसा आहे.

1968 साली वरच्या अंगाला, शेजारच्या प्रांतात, पीस नदीवर बेनेट धरण उभं राहिलं. विजेसाठी हिवाळ्यात पाणी जास्त सोडलं जाऊ लागलं आणि उन्हाळ्यात नदीत पाणी कमी झालं. खाली तळी आटू लागली, मस्करॅट दिसेनासे झाले. मग 1970 च्या दशकात ओढ्यांमध्ये दगडी बांध घातले गेले. मोठ्या सरोवरांची पातळी त्यामुळे सावरली, पण उंचावरची छोटी तळी कोरडीच राहिली. का? वसंतात बर्फ फुटतो, त्याचे तुकडे नदीत अडकतात, पाणी तुंबतं आणि काठ ओलांडून वर चढतं. ही तळी भरतात ती याच तुंबाऱ्यानं. सापळे लावणाऱ्या म्हाताऱ्यांनी असे पूर डोळ्यांनी पाहिलेले होते. शास्त्रज्ञांच्या पुढच्या अभ्यासांतूनही तेच निघालं.

इथले क्री आणि डेने लोक 2008 पासून स्वतःच पाण्याची देखरेख करतात. हे काम करणाऱ्यांना रक्षक म्हणतात. हा रक्षक गावातलाच माणूस असतो. कुठल्या वळणावर गाळ साचतो, कुठला बर्फ पाय ठेवण्याजोगा आहे, हे त्याला वडीलधाऱ्यांकडून कळलेलं असतं. आता नावेत त्याच्याबरोबर यंत्रंही असतात. तो पाण्याची खोली मोजतो, तापमान घेतो, पाण्यात विरघळलेला प्राणवायू बघतो. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून त्याची जाडी मोजतो. त्याच वहीत हेही लिहितो, की या ओढ्यातून पूर्वी नाव जायची, आता तळ घासतो.

मैत्रिणींनो, त्या शेवटच्या वाक्याचं मोल केवढं आहे ते ऐका. अथाबास्का नदीच्या वरच्या भागात वाळूतून खनिज तेल काढणाऱ्या खाणी आहेत, त्याही नदीतून पाणी उचलतात. लोक सांगायचे, आम्हाला शिकारीच्या जागी पोहोचता येत नाही. उत्तर मिळायचं, आकडा दाखवा. मग दोन्ही जमातींनी अभ्यासकांना सोबत घेऊन ज्याला त्याला विचारलं, कुठे अडता, कधी अडता? त्या आठवणी नकाशावर मांडल्या आणि नदीच्या प्रवाहाच्या नोंदींशी जुळवून पाहिल्या. 2010 च्या अहवालात उत्तर आलं. सेकंदाला 1600 घनमीटर पाणी वाहत असेल, तर लोक आपल्या साऱ्या मुलखात नावेनं फिरू शकतात. प्रवाह 400 च्या खाली गेला, तर फिरणं जागोजाग बंद पडतं. 1899 च्या करारानं शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क मान्य केलेला आहे. पण जागेवर पोहोचताच आलं नाही, तर हक्क कागदावरच राहतो. तो हक्क किती पाण्यावर तरंगतो, हे त्या आकड्यानं सांगितलं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. डोळ्याला सगळंच दिसत नाही. या भागात वसंतात गल पक्ष्यांची अंडी गोळा करून खायची जुनी रीत आहे. अंडं दिसायला नेहमीसारखंच, चवही तीच. पण प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा त्यात पारा आढळला आणि ती खाण्याबाबत सावधगिरीची सूचना निघाली. पारा पोटातल्या बाळाच्या मेंदूला अपाय करतो, म्हणून गरोदर बाईला ही गोष्ट वेळेवर कळायला हवी. आजीच्या अनुभवातून हे कळलं नसतं. तसंच पन्नास वर्षांपूर्वी तळं कुठवर भरायचं, ते यंत्राला आजीशिवाय कळणार नाही.

नुसता आकडा निघाल्यानं नदीत पाणी येत नाही. झगडा चालूच आहे. 2014 साली मिकिस्यू क्री लोकांनी युनेस्कोकडे अर्ज केला, की हा वारसा धोक्यात आहे असं जाहीर करा. 2016 मध्ये पाहणी पथक आलं, 2017 मध्ये त्याच्या अहवालात 17 शिफारशी झाल्या. त्यानंतर 2019 मध्ये कॅनडा सरकारला उद्यानासाठी कृती आराखडा काढावा लागला. तो किती खरा उतरतो, यावर रक्षकांची वही नजर ठेवून आहे.

आम्हाला या गोष्टीतून एक साधी बाब घ्यावीशी वाटते. विहिरीला दोर किती लागतो हे रोज पाणी ओढणाऱ्या बाईला तोंडपाठ असतं. पण ग्रामसभेत ती म्हणते, "पाणी लवकर आटतं हो," आणि विषय पुढे सरकतो. दोराला हाताहातावर गाठी मारा. दर पौर्णिमेला किती गाठी भिजल्या, ते तारखेसह वहीत लिहा. सोबत सासूबाईंना विचारून त्यांच्या काळात पाणी कुठवर असायचं तेही लिहा. दोन-तीन वर्षांनी ती वही ग्रामसभेत ठेवली, तर विषय पुढे सरकवणं कुणालाही जड जाईल.