देवळाच्या दारासाठी लाकूड शोधताना

(कलशारोहणाच्या दिवशी सभामंडपात केलेले भाषण)



मी बोलणारा माणूस नव्हे, रंधा मारणारा आहे. पण समितीने सांगितले की दाराचे आणि सभामंडपाचे लाकूड कोठून आणले, कसे पारखले आणि त्यात काय चुकले, हे चार शब्दांत तूच सांग. पैसा तुमचा आहे, तेव्हा सांगणे माझे कामच आहे.

आपला कोपरगाव तालुका गोदाकाठचा, काळ्या जमिनीचा. येथे बाभूळ होते, कडुनिंब होतो. माझे वडील जन्मभर बाभळीच्या गाड्या करीत आले. बाभळीने गाडी चालते, नांगर चालतो, पण देवाच्या दाराला ती पुरत नाही. दाराला लागतो साग, आणि तो आपल्याकडे पिकत नाही. आपल्याच बेटात राघोबादादांचा वाडा होता. त्यातील एका खोलीच्या सुंदर कोरीव लाकडी छताचे वर्णन 1884 च्या इंग्रजी गॅझेटियरात आहे. तेही लाकूड बाहेरूनच आले असणार. सांगावयाचे एवढेच की लाकडासाठी गाव सोडून हिंडणे ही नवी गोष्ट नाही.

आता आधी माझी चूक सांगतो. पहिली खेप मीच आणली. एका मोठ्या शहरातील वखारीत गेलो. नाव घेत नाही. माल उभा करून ठेवलेला, तेल पाजलेला, दिसायला सोन्यासारखा. वरून नक्षी पाहिली, भाव ठरविला, गाडी भरली. येथे आणून रंधा मारला तो एका कडेने दोन-दोन बोटे पांढरे लाकूड निघाले. वर गेरू आणि तेल चोळून रंग एकसारखा केलेला होता. महिन्याभरात त्या पांढऱ्या भागातून पिठासारखा भुगा गळू लागला. वखारवाल्याने पुढे ओळखही दाखविली नाही. मी समितीपुढे गेलो आणि म्हणालो, नुकसान माझ्या मजुरीतून वळते करा. अध्यक्ष म्हणाले, “मजुरी राहू द्या, मिस्त्री. आता नीट शोधा.” त्या दिवशी मला रात्रभर झोप लागली नाही. पावतीपुस्तकात अकरा रुपये देणारी म्हातारीसुद्धा आहे, हे मला ठाऊक होते.

सागाचे लाकूड वरून पाहू नये, टोकाकडून पाहावे. टोकावर वाकसाने अथवा पटाशीने एक पातळ कापा काढावा. बाहेरचे फिकट कडे आणि आतला पिवळसर तपकिरी गाभा तेथे वेगळे दिसतात. टिकतो तो गाभा. त्याच्यात तेल असते, म्हणून वाळवी त्याला सहसा लागत नाही. बाहेरचे फिकट लाकूड किडीला पहिले बळी पडते. कोवळ्या झाडात हे फिकट कडे जाड असते, जुन्या झाडात पातळ. ताज्या कापाला चामड्यासारखा वास येतो, बोटाला किंचित तेलकट लागते. रंग फासता येतो, हा वास फासता येत नाही.

नक्षीचे म्हणाल तर ती झाडात असते आणि कापणाऱ्याच्या हातातही असते. ओंडका गाभ्यापासून सालीकडे उभा चिरला की सरळ रेघा येतात. अशी फळी कमी वाकते, म्हणून चौकटीला ती घ्यावी. कडेने चिरला की डोंगरासारखी नक्षी उमटते, ती दाराच्या दिलह्यांना शोभते. जेथे खोड फुटून दोन फांद्या होतात, त्या दुबेळक्याच्या लाकडात मोरपिसासारखी लहर सापडते. ती वखारीत मागून मिळत नाही. वखारवाला दुबेळके तोडून बाजूला टाकतो. विचारावे, पाहावे, स्वस्तात मिळते.

दुसऱ्या वेळी आम्ही तिघे निघालो. नाशिकच्या बाजूला गुजरातेतील डांगचा साग येतो, तो पाहिला. चांगला होता, पण आम्हाला हव्या त्या लांबीचा नव्हता. पुण्यास भवानी पेठेतील टिंबर मार्केटात दोन दिवस काढले. तेथे परदेशी सागच पुष्कळ. ब्रह्मदेशाने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. तेव्हापासून कोणी ‘बर्मा साग’ म्हणाला की कागद मागावा. आफ्रिकेतून आणि दक्षिण अमेरिकेतून लागवडीचा साग कांडला बंदरावर उतरतो आणि गांधीधामला चिरला जातो. तो अगदी टाकाऊ असतो असे मी म्हणणार नाही, माझ्या स्वतःच्या घराच्या खिडक्या त्याच्याच आहेत. पण लवकर वाढवून कोवळेपणी तोडलेल्या झाडाला गाभा कमी.

मग शेवटी चंद्रपूरकडे गेलो. समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये शिर्डीपर्यंत सुरू झाल्यापासून नागपूर आपल्याला जवळ झाले आहे. तेथून पुढे बल्लारपूर. त्या बाजूचा साग बाजारात ‘सी.पी.’ म्हणून ओळखला जातो, जुन्या मध्य प्रांतावरून. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी मार्च 2023 मध्ये साग गेला तो बल्लारपूरहूनच. गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीस जुन्या सागाचे एक राखीव रान आहे. 2014 मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळ ठरविले. ते झाड डोळ्यांनी पाहिल्यावर मला समजले की आपण आजवर ज्याला मोठा साग म्हणत होतो ते पोर होते.

वन विभागाच्या आणि वन विकास महामंडळाच्या डेपोत माल लिलावाने विकतात. लिलाव आता संगणकावर होतो, पण त्याआधी माल प्रत्यक्ष पाहता येतो आणि पाहावाच. प्रत्येक ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का आणि क्रमांक असतो. थप्पी मोठी आणि आपली गरज लहान, म्हणून आम्ही लिलावात न उतरता, तेथून माल उचलणाऱ्या एका वखारीतून ओंडके निवडून घेतले, शिक्के जुळवून. वाहतुकीचा परवाना गाडीबरोबर असल्याशिवाय साग हलवू नये, हे वेगळे सांगावयास नको.

मापाचे एक सांगतो, कारण देणगीदारांपैकी दोघांनी विचारले होते. गोल ओंडक्याचे माप घेराच्या चौथाईने करतात. घेर 48 इंच असला की चौथाई 12 इंच. बारा गुणिले बारा, गुणिले लांबी दहा फूट, भागिले 144, म्हणजे 10 घनफूट. खरे पाहता त्या ओंडक्यात पावणेतेरा घनफूट लाकूड असते. ही सूट साल आणि चिराईसाठी आहे, वखारवाल्याची मेहेरबानी नव्हे. घेर सालीसकट धरला की साल काढून, हे आधी विचारावे. आणि चिरून, पांढरे काढून हाती येते ते निम्म्याच्या आसपास, हे समजून पैसे मोजावेत.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत देवमूर्तीसाठी लाकूड आणण्यावर एक अध्यायच आहे. स्मशानातले, वाटेवरचे, विजेने मारलेले, वारुळावरचे झाड घेऊ नये आणि तोडण्याआधी त्याच्यावर वस्तीला असलेल्या जीवांना दुसरीकडे जाण्याची विनंती करावी, असे तेथे सांगितले आहे. आमच्या वडिलांनी तो ग्रंथ पाहिलेला नव्हता. पण झाडावर कुऱ्हाड चालविण्याआधी नारळ फोडून ते तेच म्हणत.

असो. ओंडके आले, चिरले, देवळामागे पत्र्याखाली पट्ट्या घालून रचून ठेवले. वाळायला वेळ द्यावाच लागतो. इंचाला वर्ष असा आमच्यात हिशेब आहे. काही मंडळी रागावली, सप्ताह पुढे गेला, मला बोलणी बसली. पण ओले लाकूड दाराला लावून दोन वर्षांनी फट पडली असती, तर याच मंडळींनी मला पुन्हा बोलावले असते.

त्या वाट पाहण्याच्या काळात सर्वांत चांगले लाकूड सापडले, आणि ते सापडले आपल्याच देवळात. जुना सभामंडप उतरविला तेव्हा त्याचे खांब, हस्त आणि तुळया बाहेर टाकल्या होत्या. धुराने काळ्या, वर चुन्याचे आणि ऑइलपेंटचे थर. जळाऊ लाकडाच्या भावाने त्या न्यावयास माणूस आला होता, सौदा जवळजवळ झाला होता. मी सहज एका तुळईच्या टोकाला पटाशी लावली. आत मधासारखा रंग, त्यात काळसर लहरी, कड्या इतक्या बारीक की मोजताना डोळे दुखले. वास अजून तोच. मी धावत जाऊन सौदा थांबविला. पूर्वजांनी ते लाकूड कोठून आणले याची नोंद कोठेही नाही. सॉमिलवाला जुने लाकूड चिरायला तयार होईना, कारण आतल्या खिळ्याने पाते तुटते. माझ्या दोन्ही मुलांनी चुंबक फिरवून खिळे शोधले, एकेक उपटला, मग कोठे चिराई झाली.

गाभाऱ्याच्या दाराचे दिलहे पाहा. दर्शनाला जाताना उजव्या हाताच्या वरच्या दिलह्यात जी लहर दिसते, ती त्या तुळईची आहे. चौकट आणि उंबरठा बल्लारपूरच्या लाकडाचा. कडेला मी पॉलिश फार केलेले नाही. वर्षाकाठी जवसाचे तेल फडक्याने लावावे, पाणी ओतून दार धुऊ नये, आणि ऑइलपेंट कोणी लावू नये ही माझी विनंती आहे.

पहिल्या खेपेच्या नुकसानीसह लाकडाचा सर्व हिशेब वहीत लिहिलेला आहे. वही पुजाऱ्यांकडे आहे, कोणीही पाहावी. तीन तुळया अजून देवळामागे शिल्लक आहेत. सरपणाला कोणी नेऊ नयेत. त्यांचे पालखीचे खांब करावेत असे माझ्या मनात आहे, ग्रामसभेत ठरवू.