आईनं काय खाल्लं, हा अर्धाच प्रश्न

आज एका गाजलेल्या फोटोपासून सुरुवात करू. २००४ साली ‘लॅन्सेट’ या मेडिकल जर्नलमध्ये आलेला. फोटोत दोन डॉक्टर: पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के!

असं का? खाणं, व्यायाम हे आहेच. पण उत्तराचा एक भाग जन्माच्या आधी सापडतो.

पूर्वी समज असा होता, की गर्भ हवं ते आईच्या शरीरातून ओढून घेतोच. आईचे हाल झाले तरी बाळ सुरक्षित. १९८९ मध्ये इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर यांनी जुन्या नोंदी तपासल्या. जन्मताना आणि पहिल्या वर्षी वजन कमी असलेल्या पुरुषांमध्ये पुढे हृदयविकारानं जास्त मृत्यू झाले होते. म्हणजे पोटातल्या महिन्यांचा हिशोब साठीतही दिसतो.

मग १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम हॉस्पिटलनं जवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साधारण ३.५ किलोची. गंमत म्हणजे आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. दिसायला बारीक, आतून जाड. आणि हीच ठेवण पुढे डायबिटीसकडे नेऊ शकते.

आता इथे लोक लगेच म्हणतात, “बघा, सगळं आईच्या हातात आहे!” थांबा. त्याच अभ्यासात पालेभाज्या, दूध, फळं जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं मोठी होती, हे खरं. पण शेतकाम, पाणी भरणं असे कष्ट जास्त करणाऱ्यांची बाळं लहान होती, हेही त्यातच दिसलं. दूध-फळं परवडणं, नळाला पाणी येणं, हे काय एकट्या बाईच्या हातात असतं?

आणखी एक. हे सगळे संबंध हजारो लोकांच्या सरासरीतून दिसतात. तुमचं जन्मवजन कमी होतं म्हणून तुमचं भविष्य ठरलं, असं नाही. रिस्क म्हणजे निकाल नव्हे.

तेव्हा घरात कुणी गरोदर असेल, तर “हे खा, ते खाऊ नको” सांगण्याआधी तिच्या हातातली बादली घ्या. विज्ञानाला धरूनच आहे ते!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.