डॉलर-रुपयाचा कल आणि घरची पुंजी

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या मंचावर कीर्तन होते, नाट्यप्रवेश होतात, एखादे भाषण आरोग्यावर होते. चलनाच्या बाजारावर बोलायला शासकीय खात्यातले उपयंत्री आले, याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाचे, आणि सरकारी नोकराला सट्टा वर्ज्य. १९६४ च्या केंद्रीय आचरण नियमांत तर वारंवार खरेदी-विक्री करणे म्हणजेच सट्टा, असे स्पष्ट म्हटले आहे. राज्यांचे नियमही त्याच वळणाचे आहेत. तरी हा विषय घेतला, कारण तो आता आपल्या वसाहतीत दाराशी येऊन उभा आहे. कॉलेजात जाणारी मुले मोबाइलवर 'ट्रेंड' पाहत बसतात. निवृत्त झालेल्या काकांना फोन येतात, "ग्रॅच्युइटी बँकेत सडवू नका, डॉलरमध्ये लावा." आम्ही तिघा सहकाऱ्यांनी काही रविवार बसून डॉलर-रुपयाचे जुने भाव वहीत उतरवले, या पद्धतीचा नियम त्यावर लावून पाहिला. पैसा एकही लावला नाही. त्यातून जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

इंदूरकरांना चलनाचा व्यापार नवा नाही. आज ज्या सराफ्यात आपण रात्री गराडू आणि भुट्ट्याचा कीस खायला जातो, त्या सराफांचे एक जुने काम म्हणजे निरनिराळ्या संस्थानांची नाणी बदलून देणे. देताना ते बट्टा कापत. आजही चलन घेण्याचा भाव वेगळा आणि विकण्याचा वेगळा असतो. नाव बदलले, बट्टा गेला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता 'ट्रेंड फॉलोइंग' म्हणजे काय? भाव कुठे जाणार याचे भाकीत करायचे नाही. भाव ज्या दिशेला निघाला आहे त्या दिशेला आपणही निघायचे, आणि तो वळला की उतरायचे. उदाहरणार्थ, गेल्या २० दिवसांतला सर्वांत वरचा भाव ओलांडला की खरेदी; नंतर १० दिवसांतला सर्वांत खालचा भाव तुटला की बाहेर. दोन ओळींचा नियम आहे, आठवीतले पोरही वहीत मांडील.

या नियमाची प्रसिद्ध कथा शिकागोची. रिचर्ड डेनिस या व्यापाऱ्याची आपल्या मित्राशी, विल्यम एकहार्टशी पैज लागली की व्यापारी घडवता येतो की नाही. १९८३ च्या अखेरीस त्याने जाहिरात देऊन माणसे निवडली, दोन आठवडे नियम शिकवले आणि स्वतःचे पैसे देऊन त्यांना बाजारात सोडले. त्यांना 'टर्टल' म्हणजे कासवे म्हणत. त्यांतल्या अनेकांनी भरपूर कमावले. मुलांना मोबाइलवर दाखवतात ती कथा इथवरच असते. पुढचे असे की १९८७-८८ मध्ये खुद्द डेनिसला मोठा तोटा झाला आणि त्याने लोकांचे पैसे सांभाळणे थांबवले. ज्याने नियम शिकवला, त्यालाही बाजाराने सोडले नाही.

असे का होते? वहीतला हिशेब पाहू. समजा दहा सौदे केले. या पद्धतीत बहुतेक सौदे तोट्याचेच निघतात, म्हणून सात तोट्याचे धरू, प्रत्येकी ५०० रुपये. तोटा ३,५००. उरलेल्या तिनांत नफा ७००, १,२०० आणि एकात ३,४००. नफा ५,३००. म्हणजे १,८०० रुपये सुटले. आता दलाली, कर आणि तो सराफ्यातला बट्टा मिळून सौद्यामागे १०० रुपये धरा. हजार गेले, ८०० उरले. आणि समजा लागोपाठच्या तोट्याने मन विटले म्हणून नेमका तो ३,४०० चा सौदा घेतलाच नाही. मग नऊ सौद्यांचा खर्च धरून २,५०० रुपयांचा तोटा. सगळी पद्धत त्या एका सौद्यावर उभी आहे, आणि तो कोणता हे आधी कळत नाही.

शंभरात ६५ सौदे तोट्याचे असतील, तर पुढचे पाचही तोट्याचे निघण्याची शक्यता सुमारे १२ टक्के येते. म्हणजे ही गोष्ट वारंवार घडणारच. पाच वेळा हात पोळल्यावर सहाव्यांदा त्याच शांतपणे हात घालणारे किती? घरी सून विचारते, मुलाची फी भरायची आहे, आणि आपण म्हणायचे, "थांब, नियम सांगतो अजून घ्या." अडचण गणिताची नाही, संसारी माणसाची आहे.

आमच्या वहीत दोन वर्षे शेजारी-शेजारी मांडली होती. २०१३ च्या मेच्या सुरुवातीला डॉलर सुमारे ५४ रुपये होता; २८ ऑगस्टला तो ६८ च्या पुढे गेला. कल धरणाऱ्याला असा उन्हाळा क्वचित मिळतो. पण त्यातच, जुलैमध्ये, सेबीने चलन वायद्यांवरचे मार्जिन वाढवले आणि रिझर्व्ह बँकेने बँकांना तिथे स्वतःच्या खात्यावर सौदे करण्यास मनाई केली. ज्याच्याजवळ जादा पैसा नव्हता त्याला मध्येच उतरावे लागले. सप्टेंबरपासून रुपया सावरला आणि ऑक्टोबरात भाव ६१-६२ वर आला. दुसरे वर्ष २०२३. वर्षभर डॉलर साधारण ८१ ते ८३ च्या आसपास घुटमळला. वर फुटला म्हणून घ्यावा तर खाली, खाली आला म्हणून विकावा तर वर. आपला रुपया मोकाट सोडलेला नाही. रिझर्व्ह बँक डॉलर विकून आणि घेऊन त्याचे झटके कमी करते. देशासाठी हे चांगलेच. पण कलावर जगणाऱ्याला वर्षभर चिमटे बसतात.

याहून मोठी अडचण उधारीच्या बळाची, ज्याला लिव्हरेज म्हणतात. एक्स्चेंजवरचा डॉलरचा एक लॉट १,००० डॉलरचा. डॉलर ८५ रुपये धरला तर ८५,००० चा माल. पण मार्जिन त्याच्या थोड्याच टक्क्यांचे. समजा २,५०० रुपये. ज्याच्याजवळ २५,००० आहेत तो दहा लॉट घेऊ शकतो, म्हणजे साडेआठ लाखांचा माल. भाव फक्त एक रुपया उलटा गेला, तर १०,००० गेले. भांडवलाचे ४० टक्के! आणि निम्मे भांडवल गेले की पूर्वपदावर यायला उरलेल्याचे दुप्पट करावे लागते.

"स्टॉपलॉस लावतो, काळजी नाही," असे मुले म्हणतात. आपला बाजार सकाळी ९ ला उघडतो, ५ ला मिटतो. डॉलर मात्र रात्रभर जागा असतो. सकाळी भाव तुमचा स्टॉपलॉस ओलांडूनच उघडतो. १५ जानेवारी २०१५ ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने, एका युरोला किमान १.२० फ्रँक हा २०११ पासून राखलेला भाव एकाएकी सोडून दिला. काही मिनिटांत फ्रँक उसळला. मध्ये भावच नव्हते, तर स्टॉपलॉस कुठे लागणार? अनेकांचे खाते शून्याच्याही खाली गेले आणि अल्पारीची ब्रिटनमधली कंपनी दिवाळखोरीत निघाली.

आमच्या कामात एक साधा धडा आहे. पूल बांधताना नदीचे सरासरी पाणी पाहत नाहीत, उच्चतम पूरपातळी पाहतात. ३६४ दिवस गुडघाभर पाणी असले तरी पूल वाहून जातो तो उरलेल्या एका दिवशी. पैसे मागायला येणारा माणूस तुम्हाला सरासरी दाखवतो. त्याला पूरपातळी विचारा: लागोपाठ किती तोटे झाले, भांडवल सर्वांत खाली कुठवर गेले, तेव्हा पुढचे सौदे करायला काय उरले होते?

आता कायद्याचे. हा भाग तरुणांनी नीट ऐकावा. भारतात डॉलर-रुपयाचे वायदे एक्स्चेंजवर ऑगस्ट २००८ मध्ये सुरू झाले. रिझर्व्ह बँकेने ५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात पुन्हा बजावले की हे सौदे खऱ्या विदेशी चलनाच्या देण्या-घेण्याचा धोका झाकण्यासाठी आहेत. कागद दाखवायची सूट ठरावीक मर्यादेपर्यंत असली, तरी तसे देणे-घेणे असलेच पाहिजे. ३ मे २०२४ पासून ते लागू झाले. ज्याचे निर्यातीचे बिल नाही, परदेशी फी नाही, त्याने केवळ कल धरण्यासाठी इथे यायला आता जागा नाही.

मग मोबाइलवरचे 'फॉरेक्स' काय? बहुतेक वेळा परदेशी ॲप, ज्याला आपल्याकडे परवानगी नाही. अशा मंचांची सावधानतेची यादी रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२ पासून संकेतस्थळावर देते. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे, असे मात्र समजू नका. परदेशी पैसे पाठवण्याच्या उदार योजनेतूनही असे मार्जिन भरता येत नाही. फेमा कायद्याखाली दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी अशाच एका ॲपसाठी कुणा अनोळखी व्यक्तीच्या बचत खात्यात रक्कम टाकली. पडद्यावर नफा रोज वाढत होता. पैसे काढायला गेले तर आधी 'कर' भरा म्हणाले. तो भरल्यावर फोन बंद. तक्रार करायलाही ते कचरत होते, कारण मूळ व्यवहारच नियमाबाहेरचा. आम्ही त्यांना सांगितले, लाज सोडा आणि लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. आपणही हा क्रमांक घरी लिहून ठेवा.

आकडेही ऐका. युरोपच्या बाजार नियामकाने २०१८ मध्ये सांगितले की तिथल्या अशा करारांत ७४ ते ८९ टक्के किरकोळ खात्यांना तोटा होतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या शेअर वायदे-बाजाराबद्दल सांगितले की तीन वर्षांत ९३ टक्के व्यक्तिगत व्यापारी तोट्यात होते. हे सगळे मूर्ख नव्हते. त्यांतल्या पुष्कळांजवळ दोन ओळींचा नियम होताच.

मग आपला डॉलर-युरोशी संबंध कुठे? मुलगी जर्मनीला शिकायला निघाली आहे, तिथे. १२,००० युरो पाठवायचे असतील, तर भावात १५ पैशांचा फरक म्हणजे १,८०० रुपये. तेवढ्यासाठी कल पाहत बसून व्हिसाची तारीख चुकवू नये. दोन-तीन बँकांत बट्टा विचारावा, शुल्क विचारावे, आणि वेळेत पैसे पाठवावेत. आपल्या घरांना चलनाची विद्या लागते ती इतकीच.

ज्येष्ठांना एक विनंती. घरातला मुलगा यात गुंतला असेल तर त्याला रागावू नका, वही घेऊन त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, "बाळा, दहा सौद्यांचा हिशेब खर्चासकट मांडून दाखव." आणि तरुणांनो, आजोबांच्या फोनवर असा निरोप आला, तर त्यांच्या आधी तुम्ही तो वाचा. आपल्या वाडवडिलांनी होळकरांच्या दरबारी चाकरी करून, पुढे गिरण्यांत, शाळांत, कचेऱ्यांत राबून या शहरात घरे उभी केली. ती पुंजी पूरपातळीच्या वर राहू द्या.

 गणपती बाप्पा मोरया!