हात गेल्यानंतरचा हक्क
(दिल्ली परिसरातील गोदाम कामगारांच्या प्रश्नावरील भाषण)



मुंबईच्या कामगाराला ‘डॉक’ म्हटले की बंदर आठवते. दिल्लीभोवती समुद्र नाही. तरी मानेसर, पटौडी, फरुखनगर या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या अवाढव्य गोदामांनाही डॉक आहेत. ट्रकची मागची बाजू ज्या ओट्याला येऊन भिडते, तोच हा डॉक. ट्रक आणि ओटा यांच्यामधील फटीत, पॅलेट आणि भिंतीच्या मध्ये, कंटेनरच्या दारात कामगाराची बोटे चेपतात.

नाव एक असले तरी संरक्षण एक नव्हते. गोदी कामगारांच्या सुरक्षिततेचा १९८६चा कायदा बंदरापुरता होता; माथाडी-हमालांनी लढून मिळवलेला १९६९चा कायदा महाराष्ट्रापुरता. दिल्लीच्या हमालाला प्रामुख्याने आधार राहिला तो हात गेल्यानंतरच्या कायद्याचा.

१९२३च्या नुकसानभरपाई कायद्याने कामगाराच्या हाताचे कोष्टकच मांडले. अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के, अंगठ्यासह पंजाच गेल्यास ६० टक्के. गुरुग्राम हे नाव द्रोणाचार्यांवरून आले आहे. तेथे अंगठ्याचा हिशेब जुनाच आहे. परंतु ज्याची पकडच गेली, त्या हमालाजवळ विकण्यासारखी ७० टक्के श्रमशक्ती खरोखर उरते काय? एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला, तेव्हा तो सुतारकाम करूच शकत नाही म्हणून त्याचे अपंगत्व संपूर्ण मानण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली कायम केला. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालाने स्पष्ट केले. कोष्टक हा शेवटचा शब्द नव्हे.

राज्य विमा योजनेखालील कामगाराला अशी एकरकमी भरपाई मिळत नाही. त्याऐवजी उपचाराच्या काळात वेतनाच्या ९० टक्के भत्ता आणि कायम अपंगत्व आल्यास आजन्म मासिक रक्कम मिळते. कामाच्या पहिल्याच दिवशी झालेला अपघातही त्यात बसतो. मग हक्क बुडतो कोठे? तो बुडतो कागदात. मानेसर-गुरुग्रामच्या वाहन उद्योगात बोटे गमावलेल्या कामगारांमध्ये काम करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेचे अहवाल २०१९पासून हेच दाखवीत आले आहेत: बहुसंख्य जखमींच्या हाती विम्याचे कार्ड पडले ते अपघातानंतर. यंत्र वेगळे, गोदामाचा ओटा वेगळा. परंतु ठेकेदारी तीच. ठेकेदार म्हणतो, हा माझा माणूस नव्हे. कंपनी म्हणते, ठेकेदाराला विचारा. आणि रुग्णालयात ‘घरी पडला’ अशी नोंद होते. हात एकदा ओट्यावर चेपतो, दुसऱ्यांदा कागदावर.

२१ नोव्हेंबर २०२५पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले. कामगार संघटनांचा संहितांना विरोध आहे आणि तो चालू राहील. परंतु दोन तत्त्वे १९२३पासून चालत आली आहेत व त्यांवर बोट ठेवता येते: ठेकेदाराच्या माणसासाठी मूळ मालकही जबाबदार असतो, आणि भरपाईचा हक्क सोडल्याच्या कोणत्याही कागदाला, त्यावर सही असो वा अंगठा, कायद्यात किंमत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांची कामे स्पष्ट आहेत. कामावर येणाऱ्या प्रत्येकाचे विमा कार्ड त्याच दिवशी मागावे. अपघात झाल्यास कोऱ्या कागदावर सही होऊ देऊ नये. रुग्णालयाच्या कागदावर अपघाताचे ठिकाण, वेळ आणि कंपनीचे नाव लिहवून घ्यावे. सोबत्यांची साक्ष त्याच दिवशी नोंदवावी. जखमी कामगार बिहारला वा बुंदेलखंडला परतला म्हणून दावा संपत नाही. १९९५च्या दुरुस्तीने त्याला राहत्या गावाच्या आयुक्ताकडेही दाद मागता येऊ लागली. तेथील साथींनी तो दावा पुढे न्यावा.

आणि भरपाई मिळाली म्हणजे लढा संपला असेही नव्हे. ट्रक पुरता थांबल्याशिवाय आणि चाकांना अडण लागल्याशिवाय ओट्यावर पाऊल ठेवणार नाही, असे जेव्हा सारे हमाल एका आवाजात म्हणतील, तेव्हाच कोष्टकातील टक्के मोजण्याची वेळ टळेल.