प्रवाळाचे आकारमान आणि त्याचा जीवनव्यापार



अंगठीत बसवतात ते लाल पोवळे भित्ती बांधणाऱ्या जातीचे नव्हे. समुद्रात भित्ती उभारणारे प्रवाळ निराळे. त्यांची एक वसाहत म्हणजे इवल्या इवल्या हजारो पॉलिपांचे एकत्र कुटुंबच होय. घुमटाकार वसाहतीचा अंतर्भाग निव्वळ चुन्याचा असतो. सजीव असते ती वरची पातळ साय. तिच्यातील सूक्ष्म शैवले सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्याचा मोठा वाटा पॉलिपांना देतात.

प्राण्याचे वजन सोळापट झाले तरी त्याची ऊर्जेची गरज सुमारे आठपटच होते, असा नियम मॅक्स क्लायबर यांच्या १९३२ सालच्या संशोधनातून पुढे आला. म्हणूनच ग्रॅमला ग्रॅम तोलले, तर उंदराचा देह हत्तीच्या देहाहून कितीतरी जलद ऊर्जा खर्च करतो. प्रवाळाला हा नियम लागू पडू नये, असे तर्क सांगतो. कारण तो वाढतो एकासारखा एक पॉलिप जोडून. चाळीतील बिऱ्हाडे दुप्पट झाली, तर चुलीही दुप्पट पेटाव्यात!

प्रत्यक्षात तसे आढळले नाही. कॅरिबियन समुद्रातील सिडरास्ट्रिया सिडेरिया या जातीच्या लहान वसाहतींवरील संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले. आकार वाढताच ऊतींच्या प्रमाणात प्राणवायूचा खप झपाट्याने उतरतो, असे त्यात दिसले. वसाहतीला चिकटलेला संथ पाण्याचा थर आकाराबरोबर जाड होतो व प्राणवायूची वाट अडवतो, हे याचे एक संभाव्य कारण.

फ्लोरिडाच्या भित्तींना २०१४ पासून ऊतिनाशक रोगाने ग्रासले. २०२३ साली तापलेल्या पाण्याने त्यात भर घातली. घुमटाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. तेथील मोट सागरी प्रयोगशाळेत डेव्हिड वॉन यांनी त्यांचे सेंटिमीटरभर तुकडे केले, तेव्हा ते कितीतरी वेगाने पसरू लागले. पसरण्याचे काम कडेला चालते. सेंटिमीटरच्या चौकोनी तुकड्यास दर चौरस सेंटिमीटरमागे चार सेंटिमीटर कड लाभते. दहा सेंटिमीटरच्या तुकड्यास अर्धा सेंटिमीटरही नाही. एकाच वसाहतीचे तुकडे शेजारी ठेवले की ते सांधले जातात. प्रजननक्षमता वयापेक्षा आकारावर अधिक अवलंबून असल्याने, २०१५ साली समुद्रात लावलेल्या अशा काही वसाहतींनी २०२० मध्येच बीजे सोडली.

मात्र कोवळे तुकडे पोपटमासे कुरतडतात. शिवाय सारे तुकडे एकाच वाणाचे असल्याने, जो रोग एकाला ग्रासतो त्याला इतरही सहज बळी पडतात. म्हणून निरनिराळ्या मूळ वसाहतींचे तुकडे लावणे तेथे आवश्यक मानले जाते.