'धम्म' या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावे?
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



बोदवडच्या आपल्या विहारात आपण त्रिसरण म्हणतो. त्यातले दुसरे सरण धम्माचे. हल्ली आपली पोरं इंग्रजी शाळेत जातात आणि घरी विचारतात, "धम्म म्हणजे इंग्लिशमध्ये काय?" आपण पटकन सांगून टाकतो, "रिलिजन." या एका शब्दाविषयी मला आज बोलायचे आहे.

प्रश्न जुना आहे. सम्राट अशोकाचा ग्रीक व अरामाइक भाषांतला शिलालेख १९५८ साली कंदाहारला सापडला. त्यात धम्मासाठी ग्रीक शब्द आहे 'युसेबिया', म्हणजे भक्तिभाव. १८८१ साली मॅक्स मुल्लर यांच्या धम्मपदाच्या इंग्रजी भाषांतरात धम्माला 'लॉ' म्हटले आहे, आणि संघाला चक्क 'चर्च'! व्हिएतनाममधले बौद्ध बांधव धम्माला 'फाप' म्हणतात. हा शब्द चिनीतून आलेला; त्याचा अर्थ कायदा, पद्धत असाही होतो. ज्याने त्याने आपल्या जवळचा शब्द लावला.

बाबासाहेबांना इंग्रजी शब्दांची काय कमी होती? त्यांच्या ग्रंथाचे आधीचे नाव होते 'द बुद्ध अँड हिज गॉस्पेल'. गॉस्पेल हा ख्रिस्ती धर्मातला शब्द. महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली ग्रंथ निघाला तो 'द बुद्ध अँड हिज धम्म' या नावाने. म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्यालाही 'धम्म' हाच शब्द शिकावा लागला!

असे का, ते ग्रंथातच समजावले आहे. रिलिजन ही ज्याची त्याची खाजगी बाब, धम्म मात्र सामाजिक. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकत्र आली की धम्मावाचून भागत नाही. रिलिजनमध्ये देव आणि प्रार्थना पुढे, नीती मागे. धम्मात नीती हाच पाया.

फॉर्मवर 'रिलिजन'च्या रकान्यात 'बुद्धिस्ट' जरूर लिहा. तिथे दुसरा रकाना नाही, आणि आपली नोंद झालीच पाहिजे. पण घरात तोच अर्थ शिकवला, तर पोरगं काय समजेल? मेणबत्ती लावली, वंदना म्हटली, झाला धम्म! मग बापाची दारू, सुनेला टाकून बोलणे, भावाभावातले बांधाचे भांडण, हे सगळे धम्माच्या बाहेरचे ठरते. असे झाले तर विहाराचे देऊळ व्हायला कितीसा वेळ लागणार?

म्हणून मुलांना सांगा, धम्म म्हणजे धम्मच. माणसाने माणसाशी नीट वागणे. इंग्रजीत तो शब्द तसाच लिहा, आणि त्याचा अर्थ त्यांना आपल्या घरात रोज दिसू द्या.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!